तरोटा

तिसऱ्या बुधवारी तिचं वजन एक्केचाळीस किलो.
मागच्या महिन्यातही एक्केचाळीस.
काटा बिघडला असेल म्हणून मीच उभी राहून पाहिलं.
काटा बरोबर होता.

वहीत नाव मनीषा दिगांबर.
कालाहांडीहून आणली तेव्हा ममिता होती.
तोंडात बसत नव्हतं, बदललं,
असं तिची सासू पार्बताबाई सांगते,
दाराची कडी बदलली म्हणून सांगावं तसं.

पाचवा महिना. रक्त सात पूर्णांक आठ.
लाल गोळ्या देते, त्या ती पदराच्या गाठीत बांधते.
भिंतीवर पोषणाचा तक्ता:
पालक, गाजर, दुधाचा पेला, अर्धं कापलेलं सफरचंद.
आमच्या फाट्याच्या आत सफरचंद
कोणी दवाखान्यातून परतलं तरच येतं.
छडी टेकवून विचारते, यातलं काय खातेस?
ती पाहते तक्त्याकडे,
परक्याच्या लग्नाचे फोटो पाहावेत तशी.

"दोन भाकरी वाढतो व इले," सासू म्हणते,
"अर्धीच मोडते. घशात रुतते म्हणे.
आता जवारीले का काटे असतेत?"

असतात.
मी धानाच्या मुलखातली, अर्जुनीकडची.
सव्वीस वर्षांपूर्वी याच गावात
माझी पहिली भाकर परातीतच फाटली,
आणि जाऊबाईंनी ते तुकडे कुत्र्याला घातले
मला दिसेल अशा बेतानं.
भात मागायला मला दोन वर्षं लागली,
तेही मराठी येत असून.
पुढे कळलं, हिच्या भाषेतही भाताला भातच म्हणतात.
म्हणजे ती बोलली असती तर
घरात सगळ्यांना कळलं असतं.

सात तारखेला रेशनचा तांदूळ सुटतो.
तो घरापर्यंत येतच नाही.
दुकानाच्या पायरीवरूनच मोटारसायकलवाला
किलोमागे अठरा रुपये मोजून नेतो.
"आपल्यात कोन खाते भात?"
पार्बताबाईनं मला विचारलं होतं.
मागे मोरीवर भांड्यांचा आवाज
तेवढ्यापुरता थांबला होता.

आखाडात गृहभेटीला गेले
तर ममिता धुऱ्यावर वाकलेली,
ओच्यात कोवळा तरोटा.
मला पाहून दचकली, मग हसली.
"चाकुंडा," म्हणाली.
पाच महिन्यांत तिनं मला शिकवलेला पहिला शब्द.

"ढोरं तोंड लावत नाईत त्याले!" दारातून सासू.
"लोक का म्हनतीन, पोटुशीले कचरा खाऊ घालते?"

माझी आई त्यात लसूण घालायची, मूठभर कणी,
आणि शेंडे खुडताना देठ दाताखाली मोडून पाही.
हे मी सव्वीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.
गावाला कळलं असतं आम्ही काय खात होतो.

चप्पल काढली, चुलीपाशी बसले.
तांदूळ? घरात होता तो फक्त ओटी भरायचा,
देव्हाऱ्याखाली पितळी डब्यात, हळद लागलेला.
पार्बताबाईनं डबा पुढे सरकवला,
माझ्याकडे न पाहता.

पिवळसर भात. काळपट हिरवी भाजी.
ममिता बोटांनी जेवली, घाईनं, मान खाली,
आणि एकदा ताट उचलून
तळाचं पाणीही प्यायली.
सासूनं चाखलं नाही.
"कडू असन," एवढंच म्हणाली.

अहवालात मी लिहिलं:
आहार समुपदेशन केले. लाभार्थी एक.
कोणाचं, ते विचारत नाहीत.

पुढच्या सात तारखेला मोटारसायकलवाला आला.
पार्बताबाईनं पोतं दिलंच.
आधी एक पायली काढून ठेवली.
एक पायली महिन्याला किती दिवस पुरते
ते तक्त्यावर नाही.

बुधवार. एक्केचाळीस किलो सातशे.
हे सातशे तिचे की आतल्याचे,
त्याला वहीत रकाना नाही.
मी पेन्सिलीनं, मनीषाच्या वर, बारीक,
ममिता लिहिलं
आणि पुढचं नाव पुकारलं.